गळतीसाहेबांच्या घरची गळती

पाणीखात्यात पस्तीस वर्षं नोकरी केलेल्या त्या गृहस्थांना सारी वस्ती गळतीसाहेब म्हणायची, आणि तेही तोंडावर. त्यांना त्याचा राग नव्हता, उलट थोडी मिजासच होती. जमिनीखाली कुठे नळ फुटलाय, कुणी मुख्य वाहिनीला गुपचूप भोक पाडून पाणी घरात घेतलंय, हे ते एक लांब लोखंडी कांब जमिनीवर टेकवून, दुसऱ्या टोकाला कान लावून सांगायचे. निवृत्त झाले त्या दिवशी खात्याने ती कांबच त्यांना भेट दिली. तेव्हापासून ती दिवाणखान्याच्या कोपऱ्यात घरातल्या वडीलधाऱ्या माणसासारखी उभी असे आणि काकू तिला आठवड्यातून एकदा पुसत असे.

काकू म्हणजे त्यांची बायको. ती मागच्या खोलीत शिवणकाम करायची. तिच्याहून वयाने मोठ्या बायासुद्धा तिला काकूच म्हणत, कारण ज्या बाईच्या तोंडात सदा चार टाचण्या असतात तिच्याशी सलगी करायला कुणी धजत नाही.

तर अशा या गळतीसाहेबांच्या घरात, त्यांच्या कांबीच्या साक्षीने, उन्हाळाभर रोज दीड लिटर पाण्याची चोरी होत होती. चोर कोण ते सांगायची गरज नाही. घरात माणसं दोनच होती.

सुरुवात टाकीपासून झाली. निवृत्तीनंतर माणसाला काहीतरी हवंच असतं. गळतीसाहेबांनी दीडशे लिटरची काचेची टाकी आणली, तळाशी माती आणि खडी घातली, आणि तिच्यात झाडं लावली. मासेही होते, करंगळीच्या नखाएवढे, पण ते नावापुरते. खरा जीव झाडांवर. गवतासारखी हिरवी पाती, लाकडावर चढलेलं मऊ शेवाळ, आणि मधोमध एक लाल पानांचं झाड, ज्याचं प्रत्येक नवीन पान घरात बातमी म्हणून जाहीर व्हायचं. काकूला हे सगळं आवडायचं. नवरा दिवसभर घरात असून गप्प बसतो, हे कुठल्या बाईला आवडणार नाही?

मग उन्हाळा तापला. टाकीचं पाणी एकतीस अंशांवर गेलं आणि शेवाळाची टोकं तपकिरी पडायला लागली. साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी दोन दिवस पुस्तकं चाळली आणि तिसऱ्या दिवशी काकूच्या खोलीत येऊन तिच्या मशीनखालचा टेबलपंखा उचलला.

"अहो, कुठे निघालात तो घेऊन?"

"पाण्यावरून वारा सोडला की पाणी उडतं, आणि उडताना उष्णता घेऊन जातं. चार अंश उतरतील, बघ तू."

"तो माझा पंखा आहे."

"तुला छताचा आहे की."

आता हे वाक्य जगातल्या कुठल्याही शिंप्यासमोर बोलून दाखवावं. छताचा पंखा लावला की कागदाचे कटिंग उडतात, अस्तर सरकतं, खडूची पूड डोळ्यांत जाते. शिवणाऱ्या माणसाला वारा हवा तो मशीनखाली, पायांशी, कापडाला न शिवणारा. काकूने हे पस्तीस वेळा सांगितलं होतं, म्हणजे वर्षाला एकदा. त्यात तिची खोली पश्चिमेची, वर पत्रा, शेजारी इस्त्री, आणि शाळा उघडायच्या आत शिवून द्यायचे एकशे दहा गणवेश.

"अगं, झाडांना सत्तावीसच्या वर सोसत नाही," साहेब म्हणाले.

"आणि मला?"

"तुला सवय आहे."

काकूने तोंडातल्या टाचण्या काढल्या नाहीत, म्हणून पुढचं वाक्य तिच्याच पोटात राहिलं.

साहेब अगदीच दगड नव्हते. चार दिवसांनी त्यांनी बाजारातून नवा पंखा आणला, खास तिच्यासाठी. तिने तो मशीनखाली ठेवला, पाय पसरले आणि तीन दिवस नवऱ्याला मनातल्या मनात माफ केलं. चौथ्या दिवशी साहेबांना टाकीचा उजवा कोपरा अर्ध्या अंशाने गरम लागला. नवा पंखा गेला उजव्या कोपऱ्यावर. तिसरा आणला असता तर तोही तिथेच गेला असता, याबद्दल काकूच्या मनात शंका नव्हती. टाकीला चार कोपरे होते.

त्या दुपारी गणवेशाची एक कॉलर तिने तिसऱ्यांदा उलटी जोडली. कपाळाचा घाम पांढऱ्या कापडावर पडला, डाग धुवायला ती उठली, आणि दिवाणखान्यात येऊन उभी राहिली. दोन पंखे, तिचे दोन्ही पंखे, गवताच्या पात्यांवर मजेत वारा घालत होते. मासे तर चक्क गारव्याला आल्यासारखे दिसत होते. साहेब घरात नव्हते. जेवण झालं की बारा ते चार ते शोभेचे मासे विकणाऱ्या मासेवाल्याच्या दुकानात जाऊन बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला न मागितलेला सल्ला देत. काकूने घड्याळ पाहिलं. साडेबारा. तिने दोन्ही पंखे टाकीच्या काठाला धरून ठेवणारे चिमटे काढले आणि आपल्या वस्तू आपल्या खोलीत नेल्या.

एक पायाशी लावला, एक पाठीशी. त्या दिवशी तिने सात कॉलरी सरळ जोडल्या.

पावणेचारला पंखे परत जागेवर लावले तेव्हा तिला वाटलं, सुटले. पण ती कुणाची बायको होती हे ती विसरली होती. टाकीच्या काचेला साहेबांनी स्टीलची पट्टी चिकटवली होती. बारा वाजता पाणी कुठे, चार वाजता कुठे, हे मिलिमीटरमध्ये वहीत लिहून ठेवायचे. वहीचे रकानेही खात्याच्या जुन्या अर्जासारखे आखलेले: ठिकाण, नोंद, कारण, उपाय.

"अगं, आज पाणी हललंच नाही," साहेब पट्टीपाशी वाकून म्हणाले. "रोज दुपारी चार मिलिमीटर जातं. आज शून्य. पंखे चालू होते ना?"

"चालू म्हणजे? भणाणत होते," काकू म्हणाली. हे खरंच होतं. कुठे भणाणत होते, ते कुणी विचारलं नव्हतं.

साहेबांनी थर्मामीटर पाहिला, पारा एकाने वर होता. पण थर्मामीटरवर त्यांचा पूर्वीपासून फारसा भरवसा नव्हता. "काचेची नळी कधीही फसवते. पाण्याचा आकडा फसवत नाही," असं म्हणत ते टाकीभोवती दोन फेऱ्या मारून आले. काकू भाजी चिरत होती. पाण्याचा आकडा फसवत नाही काय? तिने मनात म्हटलं, बघू.

दुसऱ्या दिवसापासून कारभार पद्धतशीर सुरू झाला. साडेबाराला पंखे आत. दोन वाजता गोठवलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या टाकीत, झाडांच्या मागे, म्हणजे थर्मामीटरचंही तोंड बंद. पावणेचारला बाटल्या बाहेर, पंखे जागेवर. आणि मग मुख्य काम: अर्ध्या लिटरच्या मगाने टाकीतलं तीन मग पाणी काढायचं. तीन मग म्हणजे पट्टीवर बरोबर चार मिलिमीटर. मगाच्या तोंडावर ती अस्तराच्या जाळीचा तुकडा धरायची, नाहीतर एखादा मासा मगात यायचा आणि मग हिशेब कुणी द्यायचा? पाणी स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या मिरच्यांच्या कुंड्यांना घालायची. चार वाजता साहेब घरी यायचे, पट्टी बघायचे, वहीत "४ मि.मी." लिहायचे आणि समाधानाने चहा मागायचे.

"पंख्यांची कमाल आहे," ते म्हणायचे.

"आहेच," काकू म्हणायची, आणि तिचे गार झालेले पाय चपलेत सुखाने बोटं हलवायचे.

पकडलं जायची वेळ कधी आलीच नाही असं मात्र नाही. एकदा मासेवाल्याकडे वीज गेली म्हणून साहेब सव्वादोनलाच परत आले. दारात चावी वाजली तेव्हा काकूकडे एक अर्धवट स्कर्ट होता. तिने तो पायाशी चाललेल्या पंख्यावर टाकला. पंखा बंद करायला वेळ मिळाला नाही. स्कर्ट फुगला, त्याचा घेर तंबूसारखा उभा राहिला आणि खोलीच्या मध्यभागी डुलायला लागला.

साहेब दारात. "हे काय?"

"चुण्या बघतेय. वाऱ्यात कशा पडतात."

"आणि टाकीवरचे पंखे?"

"पात्यांवर बोटभर धूळ होती हो. म्हटलं, तुमच्या झाडांवर पडायची. पुसायला आणले."

साहेब क्षणभर तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "इतकं लक्ष आहे तुझं टाकीवर, मला माहीत नव्हतं." आणि डोळे ओले झाल्यासारखं काहीतरी करून वामकुक्षीला गेले. काकूला हसू आवरेना आणि थोडी लाजही वाटली. पण हसू जास्त होतं.

आणि एकदा एक बाई गणवेशाची उंची वाढवून घ्यायला आली आणि बोलत बसली. तिच्या सुनेचं गाऱ्हाणं ऐकता ऐकता काकूने टाकीतून पाच मग काढले. चार वाजता साहेबांनी पट्टी पाहिली आणि त्यांच्या चेहऱ्यावर तरुणपण आलं. "सात! गळती आहे!" म्हणत त्यांनी कोपऱ्यातली कांब उचलली, टाकीच्या काचेला लावली, टेबलाच्या पायांना लावली, फरशीला लावली. संध्याकाळभर टाकीखाली वर्तमानपत्र अंथरून ते पालथे पडले होते. एक थेंब मिळाला नाही. दुसऱ्या दिवशी काकूने एकच मग काढून तोल सांभाळला. वहीत त्या दोन दिवसांपुढे, कारण या रकान्यात, साहेबांनी लिहिलं: "समजत नाही." पस्तीस वर्षांत कारणाच्या रकान्यात हे शब्द त्यांनी पहिल्यांदा लिहिले होते.

खोटं न लिहिण्याची त्यांची ख्याती साधी नव्हती. लग्नानंतर पाचव्या वर्षी काकूच्या सख्ख्या भावाने नळाला चोरटी जोडणी घेतली होती, ती साहेबांनीच पकडली, साहेबांनीच नोंदवली, आणि वर जेवायलाही गेले. भाऊ तीन वर्षं बोलत नव्हता. काकूही महिनाभर बोलली नव्हती. पण पुढे कुणी नवऱ्याबद्दल विचारलं की ती हीच गोष्ट सांगायची, आणि सांगताना तिची मान ताठ व्हायची.

असे सहा आठवडे गेले. मिरच्या इतक्या माजल्या की खिडकी लागेना. "माझ्या टाकीतून उडालेल्या ओलाव्याचा परिणाम," साहेब म्हणाले. काकूने मान डोलावली. टाकीही नुसती बहरली होती. लाल झाडाला अकरावं पान आलं.

साहेबांची वही मग जगप्रसिद्ध झाली, म्हणजे झाडांच्या टाक्या ठेवणाऱ्या चौदा माणसांच्या मंडळात. मंडळाचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. त्यांनी आणि आणखी पाच जणांनी साहेबांच्या तक्त्याप्रमाणे पंखे लावले, रोज उडालेलं पाणी नळाच्या पाण्याने भरून काढलं. नळाचंच का, तर साहेबांचा आग्रह. "जे पाणी मी पस्तीस वर्षं अख्ख्या गावाला पाजलं, ते झाडांना चालत नाही म्हणजे काय?" आता सगळेजण रविवारी दुपारी घरी येणार होते आणि साहेब निबंध वाचणार होते.

शनिवारी संध्याकाळी त्यांनी तो काकूला वाचून दाखवला. ती इस्त्री करत होती.

"पाणी उडतं, पण पाण्यातले क्षार उडत नाहीत," साहेब वाचत होते. "वरून नळाचं पाणी घालत गेलं की क्षार साठत जातात आणि पाणी जड होतं. पण माझ्या टाकीत सहा आठवड्यांत क्षार नाममात्र वाढले. यावरून सिद्ध होतं की ही झाडं क्षार खातात. हा माझा शोध आहे."

काकूच्या हातातली इस्त्री थांबली. ती वाफेची इस्त्री होती. रोज काम संपलं की काकू तिच्यातलं उरलंसुरलं पाणी ओतून टाकायची, कारण तसंच ठेवून वर नवीन भरत राहिलं तर आठवड्यात पांढरी खपली धरते आणि भोकं बुजतात. एकदा तिने आळस केला होता, तेव्हा एका पांढऱ्या शर्टावर खपलीचे कण सांडले होते. वाफ जाते, खपली राहते. खपली जायची तर पाणीच बाहेर काढावं लागतं. ते रोज दीड लिटर कोण बाहेर काढत होतं?

"कसं वाटलं?" साहेबांनी विचारलं.

"झाडं खातात म्हणजे," काकू चाचरत म्हणाली, "नक्की खातातच का?"

"आकडे आहेत ना माझ्याकडे!"

गंमत होती तोवर ठीक होतं. पण नवरा चौदा लोकांपुढे उभा राहून जे सांगणार होता ते खोटं होतं, आणि ते खोटं तिच्या मगातून आलं होतं. ज्या माणसाने बायकोच्या भावासाठीही एक आकडा बदलला नाही, त्याच्या वहीत तिने सहा आठवडे रोज एक खोटा आकडा लिहवून घेतला होता. आत्ताच सांगावं का? तिने तोंड उघडलं. साहेब आरशासमोर उभे राहून "हा माझा शोध आहे" पुन्हा म्हणून बघत होते. तिने तोंड मिटलं आणि एकाच बाहीवर चार वेळा इस्त्री फिरवली.

रविवारी मंडळ आलं. दिवाणखान्यात चौदा माणसं, दोन पंखे, आणि दोन्हींचं तोंड टाकीकडे. सगळे घामाने निथळत होते. काकू आतल्या दारात चहाची किटली घेऊन उभी होती. साहेबांनी निबंध वाचला. संपल्यावर तीन-चार टाळ्या वाजल्या आणि विरल्या.

दातांचे डॉक्टर उठले. त्यांनी खिशातून एक बाटली काढली. "हे माझ्या टाकीतलं पाणी. तुमच्याच तक्त्याप्रमाणे केलं सगळं. सहा आठवड्यांत क्षार जवळपास दुप्पट. काचेवर पांढरा थर. लाल झाड गेलं."

"माझंही गेलं," एक शिक्षिका म्हणाली.

"माझं शेवाळ," मागून कुणीतरी.

"सहाही जणांचं तेच," डॉक्टर म्हणाले. "फक्त तुमच्या वहीतले आकडे सुंदर. साहेब, वाईट वाटून घेऊ नका, पण कुठेतरी पाणी मुरतंय. हे आकडे मोजलेले आहेत की बनवलेले?"

पंखे तेवढे बोलत होते.

साहेबांनी वही छातीशी धरली. त्यांना रागवायचं होतं, पण राग येईना. ते वहीची पानं उलटायला लागले, पुढे, मागे, पुन्हा पुढे, जणू त्यात कुठेतरी उत्तर लिहिलेलं असेल. काकूने या माणसाला खड्ड्यात गुडघाभर चिखलात उभं पाहिलं होतं, साहेबलोकांशी भांडताना पाहिलं होतं. इतकं लहान झालेलं कधी पाहिलं नव्हतं. तिला रडू आलं. ते तिने गिळलं, किटली खाली ठेवली आणि आत गेली.

बाहेर आली तेव्हा गळ्यात मापाची टेप होती आणि हातात मग.

"डॉक्टर, आकडे त्यांनी मोजलेलेच आहेत," ती म्हणाली. "बनवले मी."

"अगं, तू काय..."

"थांबा हो तुम्ही. दुपारी हे दुकानात जातात तेव्हा पंखे माझ्या पायाशी असतात. मला उकडतं. पाणी उडत नाही, मी काढते. असं." तिने मग टाकीत बुडवला, जाळी लावून, आणि वर काढला. "तीन मग. यांच्या पट्टीवर चार मिलिमीटर भरतात. पारा वर जाऊ नये म्हणून बर्फाच्या बाटल्या टाकते. झाडं काही खात-बीत नाहीत. इस्त्रीतलं पाणी रोज ओतलं की खपली धरत नाही, तसंच आहे हे. तुमच्या टाक्यांना चोर मिळाला नाही, म्हणून तुमची झाडं गेली."

एवढं बोलून ती उभी राहिली. आता कपाळाला हात लावला जाईल, आरडाओरडा होईल, चौदा माणसांसमोर तिची शोभा होईल. होऊ दे. मगातलं पाणी तिच्या पायावर ठिबकत होतं.

साहेब तिच्याकडे बघत होते. ओठ हलत होते. पहिला प्रश्न आला तो असा:

"काठोकाठ की गळ्यापर्यंत?"

"काय?"

"मग. काठोकाठ भरायचीस की गळ्यापर्यंत?"

"काठोकाठ."

"रविवारी?"

"रविवारी तुम्ही घरी असता. कसं काढणार?"

साहेबांनी कानामागची पेन्सिल काढली आणि वहीच्या मागच्या पानावर भराभर लिहायला लागले. छत्तीस दिवस, रोज दीड लिटर. "चोपन्न," ते पुटपुटले. "चोपन्न लिटर... ते पाच मगांचं नि दुसऱ्या दिवशीच्या एकाचं, तेही बसतं... आणि उरलेलं खरं उडालेलं." त्यांनी एक रेघ मारली, दुसरी मारली, आणि एकदम उभे राहिले. "जमला! डॉक्टर, ताळा जमला! थेंबाला थेंब!"

डॉक्टरांनी वही घेतली, चष्मा वर केला, पाहिलं. खरंच जमत होता. मग शिक्षिकेला हसू फुटलं, आणि ते सगळ्या खोलीभर पसरलं. पंधरा मिनिटांनी मंडळाचे सहा सभासद आपापल्या वहीत "रोज तीन मग काढणे" असं लिहून घेत होते, आणि दातांचे डॉक्टर काकूला विचारत होते की जाळी कुठल्या कापडाची.

मंडळी गेली. काकूने कप धुतले. भांडण येणार म्हणून तिने बारा उत्तरं तयार ठेवली होती, एकेक धार लावून. साहेब झोपेपर्यंत टाकीसमोर बसून राहिले.

सोमवारी दुपारी ते दुकानात गेले नाहीत. साडेबाराला त्यांनी टाकीतला थर्मामीटर काढला, पुसला, आणि काकूच्या खोलीत आले. मशीनच्या बाजूच्या खिळ्याला तो अडकवला. मग स्टूल ओढून तिथेच बसले.

"काय चाललंय?" काकू म्हणाली.

"तू शीव. मी मोजतोय."

पंखे टाकीवरच होते. पत्रा तापला, इस्त्री तापली. साहेबांनी आधी सदऱ्याचं वरचं बटण काढलं, मग बाह्या वर केल्या, मग रुमाल डोक्यावर घेतला. काकूने मशीन थांबवलं नाही. बसू दे. तीन वाजता त्यांनी उठून पारा पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला. वहीत काहीतरी लिहिलं, वही उघडीच तिच्या मशीनवर ठेवली आणि बाहेर गेले.

काकूने वही ओढली. अक्षर नेहमीसारखं सरळ, घामाने थोडं फुटलेलं.

ठिकाण: शिवणखोली.

नोंद: ३८.

कारण: मी.

उपाय हा रकाना कोरा होता.

काकूचे हात मांडीवर पडले. बाराच्या बारा उत्तरं कुठे गेली कोण जाणे. टाकीत अर्धा अंश वाढला की धावणारा हा माणूस, इतकी वर्षं दहा पावलांवरची ही खोली त्याने कधी मोजलीच नव्हती, आणि आज मोजली तर लिहिताना कुणालाही पाठीशी घातलं नाही, स्वतःलाही नाही. तिला त्याचा राग आला, आणि त्याच्यावर जीव जडावा तसा जडलाही, दोन्ही एकाच वेळी. पदराने डोळे पुसले तर त्यात खडूची पूड गेली आणि आणखीच पाणी आलं.

बाहेरून चिमटे काढल्याचा आवाज झाला. साहेब दोन्ही पंखे दोन हातांत घेऊन दारात उभे राहिले.

काकूने पेन्सिल घेतली आणि कोऱ्या रकान्यात लिहिलं: "एक मशीनखाली, एक टाकीवर. बर्फाच्या बाटल्या आणि मग पुढे चालू."

साहेबांनी वाचलं. खाली सही केली, जुन्या सवयीने पुढे "तपासलं" असंही लिहिलं, आणि मशीनखाली वाकून तिचा पंखा तिच्या पायांकडे वळवून ठेवला.

मंगळवारी बारा वाजता ते दुकानात गेले. चार वाजता आले, पट्टीपाशी वाकले आणि तिथूनच ओरडले, "अगं, आज चार मग?"

"मिरच्यांना फुलं आलीयत," काकू आतून म्हणाली.

साहेबांनी वहीत "४ मग" लिहिलं.